न्यूझीलंडच्या रस्त्यांवर सहकुटुंब : नियोजन, चलन आणि सावधानता

परकीय चलन कक्षात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाळी व मे महिन्याच्या सुटीपूर्वी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "साहेब, डॉलर किती न्यावेत?" काही वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणारे ग्राहक बहुधा एखाद्या पर्यटन संस्थेच्या सहलीचे सदस्य असत. त्यांचा मार्ग, मुक्काम व भोजन आधीच ठरलेले असे. अलीकडे मात्र स्वतःच मार्ग आखून, स्वतःच वाहन चालवीत परदेश पाहणाऱ्या कुटुंबांची चौकशी वाढली आहे. त्यांना केवळ डॉलरचा दर सांगून भागत नाही. वाहनाचा विमा, कार्डावर रोखून ठेवली जाणारी रक्कम, परवाना, अंतरे, हवामान अशा अनेक बाबी त्यांना समजून घ्यावयाच्या असतात.

दिवाळी २०२४ च्या सुटीत प्रस्तुत लेखकाने आपली आई, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी व पाच वर्षांचा मुलगा यांच्यासह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दोन आठवडे मोटारीने प्रवास केला. त्या प्रवासात हिशेबाची एक चूक घडली. ती पैशांत फार मोठी नव्हती, परंतु तिची किंमत फार मोठी होऊ शकली असती. तिच्यासह आलेले अनुभव आणि त्यांना जोडून आवश्यक माहिती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देश आणि ऋतू

न्यूझीलंडचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून काहीसे कमी आहे. २०२३ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ५० लाख असून, त्यातील बहुसंख्य लोक उत्तर बेटावर राहतात. दक्षिण बेट आकाराने मोठे, पण वस्तीने विरळ आहे. दोन्ही बेटांच्या मध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. उत्तरेकडील वेलिंग्टन व दक्षिणेकडील पिक्टन यांच्यामध्ये वाहने वाहून नेणाऱ्या बोटी चालतात आणि त्या प्रवासाला साधारण साडेतीन तास लागतात. आपल्याजवळ दोन आठवडेच असतील, तर एकच बेट निवडावे. दोन्ही बेटे 'उरकण्याच्या' प्रयत्नात निम्मी सुटी रस्त्यावर जाते.

हा देश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू आपल्या उलट आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा, तर जून ते ऑगस्ट हिवाळा. आपल्या दिवाळीत तेथे वसंत ऋतू असतो व दिवस मोठा असतो. याउलट आपल्या शाळांना मे महिन्यात सुटी लागते तेव्हा तेथे शरद संपून हिवाळा सुरू होत असतो. मे अखेरीस क्वीन्सटाउनसारख्या दक्षिणेकडील गावी सकाळी आठनंतर सूर्य उगवतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. त्या काळात जाणाऱ्यांनी रोजचा प्रवास या नऊ तासांच्या उजेडात बसवावा. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आणखी एक तास पुढे केले जाते.

प्रवासापूर्वीची कागदपत्रे

भारतीय नागरिकास व्हिसा आधीच घ्यावा लागतो. व्हिसाच्या शुल्कासोबत परदेशी पर्यटकांवरील संवर्धन व पर्यटन अधिभारही भरावा लागतो. २०१९ मध्ये तो ३५ न्यूझीलंड डॉलर होता, ऑक्टोबर २०२४ पासून तो १०० डॉलर झाला आहे. पाच जणांच्या कुटुंबाने अंदाजपत्रकात ही बाब विसरू नये. देश सोडण्याच्या नियोजित दिनांकानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा. याशिवाय प्रवेशापूर्वी प्रत्येक प्रवाशाचे घोषणापत्र संगणकावर भरावे लागते. ते विनाशुल्क आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे.

वाहन चालविण्यासाठी आपला वैध भारतीय परवाना पुरतो, मात्र तो इंग्रजीत असावा किंवा त्यासोबत अधिकृत भाषांतर असावे. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही जवळ ठेवल्यास वाहन ताब्यात घेताना प्रश्न उद्भवत नाही. जो जो वाहन चालविणार असेल, त्याचे नाव भाडेकरारात नोंदवलेले असलेच पाहिजे. नाव न नोंदविलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण मिळत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत हा देश अत्यंत काटेकोर आहे. तेथील शेती, पशुधन व वनसंपदा यांना बाहेरचे रोग व किडी यांपासून जपण्यासाठी विमानतळावर कडक तपासणी होते. बी-बियाणे, मध, फळे, दुग्धजन्य पदार्थ, मसाले, चिखल लागलेले बूट अशा वस्तू घोषित न करता नेल्यास ४०० डॉलर दंड जागच्या जागी होऊ शकतो. घोषित करण्याला मात्र काहीही दंड नाही. आमच्या आईने गोडा मसाला, मेतकूट, पोह्यांचा चिवडा आणि अळिवाची एक पुडी बरोबर घेतली होती. आम्ही सारे काही घोषणापत्रात लिहिले. अधिकाऱ्याने पिशवी उघडून पाहिली, रुजू शकणारे बी म्हणून अळिवाची पुडी ठेवून घेतली आणि बाकीचे हसतमुखाने परत केले. नियम असा की, शंका असेल ती वस्तू घोषित करावी.

चलन आणि कार्डे : ग्राहकांसाठी काही सूचना

रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सुरू केलेल्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलन घेता येते. अज्ञान मुलांनाही ही मर्यादा स्वतंत्रपणे लागू असून, त्यांच्या वतीने पालक स्वाक्षरी करतात. यासाठी पॅन आवश्यक आहे. मात्र यापैकी नोटा व नाणी यांच्या रूपात एका प्रवासासाठी सर्वसाधारणपणे तीन हजार अमेरिकी डॉलरइतकीच रक्कम मिळते. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी लागते. प्रवासाहून परतल्यावर शिल्लक चलन १८० दिवसांच्या आत बँकेस परत करावे. दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन स्वतःजवळ ठेवण्यास मुभा आहे. परदेशी खर्चावर मूळस्रोतावर गोळा होणाऱ्या कराचे दर व मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असतात. त्यांची विचारणा प्रवासापूर्वी आपल्या शाखेत करावी. हा कर वेगळा भुर्दंड नसून विवरणपत्र भरताना तो आपल्या देय करात वळता करता येतो, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते.

न्यूझीलंडमध्ये लहान दुकानांतूनही कार्ड चालते, त्यामुळे रोख रक्कम मोजकीच न्यावी. तेथील सर्वांत लहान नाणे दहा सेंटचे असल्याने रोख व्यवहारात बिल पूर्णांकित केले जाते. दुकानातील किमतींत १५ टक्के वस्तू व सेवा कर आधीच समाविष्ट असतो. बक्षिशी देण्याची प्रथा नाही.

कार्डांसंबंधी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातील वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. तो निघण्यापूर्वी सुरू करावा व मर्यादा ठरवावी.

दुसरी : भाड्याचे वाहन घेताना कंपनी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागते आणि त्यावर काही रक्कम अनामत म्हणून रोखून ठेवते. प्रवासी कार्ड यासाठी अनेकदा चालत नाही. रोखलेली रक्कम वाहन परत केल्यावरही काही दिवसांनी मोकळी होते. म्हणून त्या कार्डाची मर्यादा पुरेशी ठेवावी व रोजच्या खर्चासाठी दुसरे कार्ड वापरावे.

तिसरी : दुकानातील यंत्र कधी कधी "रक्कम रुपयांत हवी की डॉलरमध्ये?" असे विचारते. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानदाराच्या बाजूने चढा विनिमय दर लावलेला असतो. नेहमी स्थानिक चलनच निवडावे.

चौथी : एकवेळचा सांकेतिक क्रमांक आपल्या भारतीय मोबाईलवर येतो. तेथील सिमकार्ड घेऊन भारतीय क्रमांक बंद करून ठेवल्यास ऐन वेळी व्यवहार अडतो. म्हणून भारतीय क्रमांक चालू राहील अशी सोय करावी.

वाहन व विमा

आपल्याकडे वाहनाचा तृतीयपक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये तशी सक्ती नाही. भाड्याच्या वाहनांसोबत विमा दिला जातो, परंतु अपघात झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान भाडेकरूने सोसावे, अशी अट त्यात असते. ही रक्कम हजारो डॉलर असू शकते. दररोज थोडे अधिक भाडे भरल्यास ती कमी किंवा शून्य करता येते. करारात काच, टायर व छत यांचा समावेश आहे किंवा नाही हे वाचावे. काही रस्त्यांवर भाड्याची वाहने नेण्यास मनाई असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स दरीचा रस्ता व उत्तर बेटावरील नाइन्टी माइल बीच ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. तेथे वाहन नेल्यास विमा निरुपयोगी ठरतो.

बहुतेक वाहने स्वयंचलित गिअरची असतात. पहिल्या दिवशी वाहनतळावरच पाच-दहा मिनिटे चालवून पाहावे. सात वर्षांखालील मुलांसाठी मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचे असल्याने त्याची नोंदणी आधीच करावी. सर्वांनी सीटबेल्ट लावणे बंधनकारक आहे.

वैद्यकीय बाबतीत एक वैशिष्ट्य जाणून घेण्यासारखे आहे. १९७४ पासून न्यूझीलंडमध्ये अपघात भरपाईची सरकारी योजना असून, तेथे अपघातात जखमी होणाऱ्या पर्यटकालाही उपचारखर्चाचे साहाय्य मिळते. मात्र आजारपण, रद्द झालेला प्रवास किंवा रुग्णास मायदेशी आणण्याचा खर्च तीत येत नाही. त्यामुळे प्रवास विमा आवश्यकच आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत पूर्वीपासून असलेले आजार विमा प्रस्तावात प्रामाणिकपणे नमूद करावेत. औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

रस्त्याचे नियम

आपल्याप्रमाणेच तेथे वाहने डाव्या बाजूने चालतात, ही भारतीय चालकासाठी मोठी सोय आहे. परंतु या ओळखीमुळे गाफील राहू नये. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेगमर्यादा साधारणपणे ताशी १०० किलोमीटर, तर गावात ५० किलोमीटर असते. १०० ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येक वळणावर तोच वेग राखायचा असा तिचा अर्थ नाही. वळणापूर्वी पिवळ्या फलकावर ३५, ५५, ६५ असे आकडे दिसतात. तो त्या वळणासाठी सुचविलेला वेग असतो व तो मानावा. मध्यभागी अखंड पिवळी रेषा असल्यास पुढील वाहनास ओलांडू नये. चौकातील वर्तुळात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. 'थांबा' असा फलक असेल तेथे रस्ता रिकामा असला तरी वाहन पूर्ण थांबवावे. चालविताना मोबाईल हातात धरण्यास २००९ पासून बंदी आहे. आपल्यामागे वाहनांची रांग साचली असेल, तर सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबावे व त्यांना पुढे जाऊ द्यावे. हॉर्न क्वचितच वाजविला जातो.

दक्षिण बेटावर, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, एकेरी पूल अनेक आहेत. दोन्ही बाजूंचा रस्ता दुपदरी, पण पूल एकाच वाहनापुरता. त्यापूर्वी फलक असतो. लाल कडेच्या गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल, तर समोरून येणाऱ्यास आधी जाऊ द्यायचे. निळ्या चौकोनी फलकावर आपल्या दिशेचा बाण मोठा व पांढरा असेल, तर अग्रक्रम आपला. तरीही समोरचे वाहन पुलावर आलेले असल्यास थांबावेच.

हा नियम मी निघण्यापूर्वी वाचला होता, मुलीला चित्र काढून समजावूनही सांगितला होता. तरीही चूक झाली. ती कशी झाली, हे सांगणे आवश्यक वाटते.

चुकलेला हिशेब

आमच्या मूळ आराखड्यात टे अनाउहून वानाका हा एक दिवसाचा आणि वानाकाहून फ्रान्झ जोसेफ हा दुसऱ्या दिवसाचा प्रवास होता. खर्चाचा तक्ता तपासताना वानाकाचा एक मुक्काम मी कापला. त्या रात्रीचे सुमारे दोनशे डॉलर वाचले, याचे मला समाधानही वाटले. टे अनाउ ते वानाका सुमारे २३० किलोमीटर, पुढे हास्टमार्गे फ्रान्झ जोसेफ सुमारे २८५ किलोमीटर. नकाशावर सारे मिळून सात-साडेसात तास दिसत होते. कागदावर हिशेब जुळत होता.

प्रत्यक्षात मुलांना दर दीड तासाने थांबावे लागते, आईला पाय मोकळे करावे लागतात, जेवणाला तास लागतो आणि वानाका सरोवराच्या काठी आलेला माणूस पाच मिनिटांत निघत नाही. आम्ही वानाका सोडले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. हास्ट खिंडीत पाऊस लागला. हास्ट गावी पोहोचेपर्यंत सात वाजत आले. मुक्कामाच्या निवासाचे कार्यालय आठला बंद होते, हे मला ठाऊक होते आणि उरलेले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास होते. दोन तास लागणार हे उघड दिसत असूनही मी वेग वाढविला. खोलीचे पैसे आगाऊ भरलेले होते, ते बुडतील या एकाच विचाराने मन व्यापले होते.

पावसामुळे वेळेआधीच अंधारून आले होते. एका पुलापूर्वीचा फलक मी पाहिला, पण त्याचा अर्थ लागण्यापूर्वीच गाडी पुलाच्या तोंडाशी पोहोचली होती. समोरून मालट्रक पुलावर चढलेला होता. त्याने दिवे उघडझाप केले. मागून मुलगी ओरडली, "बाबा, लाल बाण!" मी ब्रेक दाबला. ओल्या रस्त्यावर गाडी थोडी घसरत जाऊन पुलाच्या अलीकडे थांबली. ट्रक शेजारून निघून गेला. चालकाने हात वर केला होता, तो रागाने की दिलाशाने, हे आम्हाला कळले नाही.

गाडीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग आई शांतपणे म्हणाली, "अरे, कोणाची गाडी सुटते आहे का?"

पत्नीने नंतर निवासाला दूरध्वनी करण्याचा प्रयत्न केला, परंतु त्या पट्ट्यात मोबाईलचा संकेत नव्हता. अर्ध्या तासाने संकेत मिळाला तेव्हा पलीकडच्या बाईंनी एका वाक्यात उत्तर दिले : किल्ली दाराजवळच्या पेटीत ठेवते, पेटी उघडण्याचा क्रमांक लिहून घ्या, सावकाश या. आम्ही नऊनंतर पोहोचलो. खोली उबदार होती, दिवा लावून ठेवलेला होता. ज्या पैशांसाठी मी घाई केली ते बुडणारच नव्हते. हास्टला थांबून गावातून एक दूरध्वनी केला असता तरी पुरले असते.

त्या रात्री मी स्वतःच्या हिशेबाकडे बँकेच्या अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले. आपल्याकडे कोणतीही बँक जमा झालेल्या ठेवींपैकी सर्व रक्कम कर्जाऊ देत नाही. रोख राखीव प्रमाणानुसार एक हिस्सा बाजूला ठेवावाच लागतो. तो हिस्सा उत्पन्न देत नाही, पण संस्थेला अडचणीच्या वेळी उभे ठेवतो. मी मात्र दिवसाचा प्रत्येक तास आणि उजेडाचा प्रत्येक क्षण 'गुंतवून' टाकला होता. थकवा, पाऊस किंवा मुलांची भूक यांसाठी काहीही शिल्लक ठेवले नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही उरलेला आराखडा बदलला.

चार प्रकारची राखीव गंगाजळी

वेळेची : नकाशावर दिसणाऱ्या वेळेत किमान तिसरा हिस्सा मिळवावा. तीन तास दिसत असतील तर चार धरावेत. मुले व ज्येष्ठ बरोबर असताना दिवसाला २५० किलोमीटरहून अधिक मजल आखू नये. भारतातून न्यूझीलंडला पोहोचताना विमान बदलावे लागते व प्रवास बराच लांबतो. म्हणून उतरल्या दिवशी लांबचे वाहन चालवू नये, एक रात्र विमानतळाच्या गावीच राहावे.

उजेडाची : सूर्यास्तापूर्वी एक तास मुक्काम गाठावा. पोहोचण्यास उशीर होणार असल्यास संकेत असेल तेथूनच निवासाला कळवावे. बहुतेक लहान निवास किल्ली बाहेर ठेवण्याची सोय करतात, मात्र तसे सांगावे लागते.

पैशाची : एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम अनपेक्षित मुक्कामासाठी वेगळी ठेवावी. शक्य असेल तेथे रद्द करता येणारी नोंदणी करावी, ती थोडी महाग असली तरी. दमल्यावर वाटेत थांबण्याची मुभा त्यामुळे मिळते.

मार्गाची : या देशात रस्ते बंद पडतात. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कायकुरा परिसरात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा किनाऱ्यावरचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक एक वर्षाहून अधिक काळ बंद राहिला व १५ डिसेंबर २०१७ रोजी पुन्हा खुला झाला. अतिवृष्टी, दरडी व हिमवर्षाव यांमुळे अल्पकाळ बंद पडणारे रस्ते तर नेहमीचे आहेत. रोज सकाळी हवामान व रस्त्यांची स्थिती सरकारी संकेतस्थळावर पाहावी आणि पर्यायी मार्ग मनात ठेवावा. नकाशे मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्यावेत.

नमुना आराखडा

या अनुभवानंतर कोणी विचारल्यास मी पुढील क्रम सुचवितो. अंतरे सुमाराने दिली आहेत.

क्राइस्टचर्च येथे दोन रात्री विश्रांती. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात या शहरात १८५ जणांचा बळी गेला. त्यानंतर पुन्हा उभे राहिलेले हे शहर पाहण्यासारखे आहे. तेथून टेकापो सरोवर २२५ किलोमीटर, एक रात्र. येथील आकाश २०१२ पासून आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्रात मोडते. रात्री मुलांना तारे जरूर दाखवावेत. पुढे १०५ किलोमीटरवर ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी अथवा माउंट कुक हे देशातील सर्वोच्च शिखर, एक रात्र. तेथून लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन २६० किलोमीटर, तीन रात्री. यातील एक दिवस वाहनास पूर्ण विश्रांती द्यावी.

क्वीन्सटाउनहून टे अनाउ १७० किलोमीटर, दोन रात्री. येथून मिलफर्ड साउंड १२० किलोमीटर आहे. या रस्त्यावर सोयी फार कमी आहेत, त्यामुळे टे अनाउलाच इंधनाची टाकी पूर्ण भरावी व खाण्याचे जवळ घ्यावे. वाटेत १९५४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला होमर बोगदा लागतो. येथे किया नावाचे पोपट वाहनांच्या काचेभोवतीचे रबर कुरतडतात. त्यांना खाऊ घालू नये, कितीही गोड दिसले तरी! मिलफर्ड येथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण पाऊस आला म्हणून निराश होऊ नये. पावसातच कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळतात. हिवाळ्यात या रस्त्यावर चाकांना लावण्याच्या साखळ्या बाळगाव्या लागतात. अननुभवी चालकाने त्या काळात बसने जाणे उत्तम.

टे अनाउहून वानाका २३० किलोमीटर, एक रात्र. ती कापू नये. वानाकाहून फ्रान्झ जोसेफ २८५ किलोमीटर, दोन रात्री. हा सर्वांत लांब टप्पा असल्याने सकाळी लवकर निघावे. तेथून होकिटिका १३५ किलोमीटर, एक रात्र. शेवटी आर्थर्स पास ओलांडून क्राइस्टचर्च २५० किलोमीटर. पश्चिम किनाऱ्यावर वाळूमाशा फार चावतात, त्यासाठी मलम जवळ असावे. उन्हातील अतिनील किरणे तेथे तीव्र असतात. हवा थंड असली तरी टोपी व त्वचेचे मलम विसरू नये.

निवास, भोजन आणि संकटकाल

स्वयंपाकघराची सोय असलेली मोटेल व 'हॉलिडे पार्क' कुटुंबासाठी सोयीची व किफायतशीर आहेत. सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, भाज्या व दही घेऊन आम्ही बहुतेक रात्री खिचडीच केली. दिवसभराच्या प्रवासानंतर मुलांना व आईला ओळखीचे गरम अन्न मिळणे, ही फार मोठी विश्रांती ठरते. मोठ्या गावांत नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. झोपण्याची सोय असलेल्या मोटारीतून फिरताना वाटेल तेथे मुक्काम करता येतो, हा गैरसमज आहे. त्यासाठी २०११ चा स्वतंत्र कायदा असून नियमभंगाला दंड होतो.

तेथील काही मोजक्या मार्गांवर पथकर आहे. नाके नसतात, वाहनाचा क्रमांक कॅमेरा टिपतो. पाच दिवसांच्या आत संकेतस्थळावर रक्कम भरली नाही, तर भाड्याची कंपनी ती स्वतःच्या शुल्कासह आपल्या कार्डावरून वसूल करते. संकटकाळी पोलीस, रुग्णवाहिका व अग्निशमन यांसाठी १११ हा एकच क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ करून घ्यावा. पासपोर्ट, व्हिसा, विमा व परवाना यांच्या प्रती एका नातेवाइकाकडे भारतात ठेवाव्यात.

समारोप

स्वतः वाहन चालवीत केलेल्या प्रवासाचे खरे सुख हेच की, आवडले तेथे थांबता येते. परंतु थांबण्यासाठी वेळ शिल्लक असेल तरच हे स्वातंत्र्य उपभोगता येते. आम्ही शेवटचे चार दिवस कमी ठिकाणे पाहिली. होकिटिकाच्या किनाऱ्यावर मुलांनी दोन तास वाळूत लाकडे गोळा केली आणि आई खडकावर बसून समुद्राकडे पाहत राहिली. माझ्या मूळ तक्त्यात या दोन तासांसाठी जागाच नव्हती. आज घरात प्रवासाची आठवण निघते तेव्हा सर्वांना प्रथम तेच आठवतात.

आता कोणी ग्राहक खिडकीपाशी येऊन "साहेब, डॉलर किती न्यावेत?" असे विचारतात, तेव्हा मी त्यांना डॉलरचा हिशेब सांगतोच. परंतु त्याआधी त्यांचा मार्ग विचारतो आणि रोजचे अंतर किती आहे ते पाहतो. एखादा मुक्काम वाढविण्याची सूचना त्यांना कधी खर्चिक वाटते. त्या वेळी मी त्यांना लाल बाणाची हकिगत सांगतो.

आपला प्रवास सुखाचा व सुरक्षित होवो.